करंजेलाचा वास

— नका नका, दादा, तिथं पान्यात पाय सोडून नका बसू. आठ दिसांमागं तुमीच मला सांगितलंत आन् तुमीच इसरलात? ऊन चढलं, पानी कोमट झालं, म्हंजे त्या किड्यांचा निघायचा टाइम झाला — असंच म्हनालात ना? या, इकडं या, ह्या धुन्याच्या दगडावर बसा, कोरडा हाय. मी सरकते. नाय हो, मला कसली घाई, चार लुगडी-धोतरं हायत, व्हतील सावकाश. तुमी तुमच्या गोगलगाई येचा, बाटल्या भरा, मी आपली बोलते. बोललेलं चालतं ना? मुंबईच्या मानसांना कामात कोन बोललेलं चालत नाय म्हनतात. तुमी तसे नाय. त्या दिशी मला बोलवून काचंतून दाखवलंत — बाईमानसाला कोन दाखवतं, सांगा? आमच्या घरात तं मला धड कोन सांगत बी नाय.

येक इचारू? काल दिवस कलता आमचा मानूस चावडीवर आला व्हता तुमच्याकडं. — अवो मी कशाला मागावर जाऊ! गवताचा भारा घेऊन येत व्हते, दिसला. टोपी काढून हातात धरून उभा व्हता तुमच्यासमोर. वीस वर्सांच्या संसारात मी त्याला टोपी काढून उभा रायलेला दोनदाच बघितला, येकदा तलाठ्यासमोर आन् येक काल. काय मागितलं त्यानं? — बरं, नका सांगू. बैलाचं असंल. मोऱ्या घोरतो आमचा, त्यासाठीच तं तुमी आलात. बसून नाय, झोपून नाय, उभ्या उभ्या घोरतो बापडा, नाकातून धार, मान खाली. तुमी म्हनालात त्याच्या नाकात किडा हाय आन् तो ह्या तळ्यातनं येतो. म्हंजे बघा, मी दोन वर्सं पाय खाजवून रक्त काढलं, नखानं नाय भागलं तं खापरीनं खाजवलं, तवा मुरबाडला डाक्टरला सांगायला कोन गेलं नाय. बैल घोरला आन् चौथ्या दिशी ढोरांचा सायेब दारात. असू दे. बैलावाचून नांगर अडतो, माझ्यावाचून काय अडतंय?

तुमी ती गोगलगाय पांढऱ्या ताटलीत ठेवलीत, ताटली उन्हात सरकवलीत, आन् मंग म्हनालात, बघा हौसाबाई. मला आधी काय दिसंना. मंग दिसलं, गोगलगाईतनं निघून पान्यात पवतंय — अगो बाय! केवढासा तो जीव! पुढं डोकं, मागं शेपटी, शेपटीला टोकाला बेचकीसारखे दोन फाटे. वर येतो, गप ऱ्हातो, खाली बुडतो, परत वर. तुमी वरनं हात फिरवलात, ताटलीवर सावली पडली, तं सगळे येकदम हलले. म्हनालात, ह्यांना डोळे नायत, पोटात काय जात नाय, जगायचं ते दीड-दोन दिस, तेवढ्यात अंग गाठलं तं गाठलं, नायतं मेला. मंग गाठतो कसा? तं सावली पडली की उठायचं, ऊब लागली की तिकडं वळायचं, कातडीचा ओशटपना लागला की चिकटायचं, आन् डोक्यानं वाट करत आत. आत शिरताना शेपटी बाहेर टाकून देतो म्हनालात. माझं ध्यान तिथंच अडकलं, दादा. जिच्या जोरावर येवढा पवत आला ती दाराबाहेर टाकली आन् आत गेला. तुमी पुढं बैलाच्या नाकाचं सांगत व्हतात, मी हो-हो करत व्हते, पन माझ्या डोळ्यांपुढं चंदी उभी.

चंदी म्हंजे आमची धाकटी. मी लग्नाची, ती पाटाची. शहापूरकडची, तानशाच्या धरनाच्या खालच्या अंगाला तिचं गाव. नवरा गेला, भावाकडं दोन वर्सं काढली, मंग आमच्या मानसानं पाट लावून आनली. मला इचारलं का? इचारलं की! म्हनाला, तळ्याखालचं खाचर कसायला घेतोय, हात कमी पडतात. मी म्हनलं आना. काय म्हननार दुसरं? दोन पोरी उजवून दिल्या, घरात आमी दोघंच, खाचर मोठं — खरंच हात कमी पडत व्हते. पन हात आनले म्हनतोस ना, मंग हातांकडं बघ. हा बघतोय पायांकडं! तिचे पाय काय गोरे नायत, माझ्यासारखेच काळे, पन नितळ, डाग नाय, ओरखडा नाय. ती आली येक गाठोडं घेऊन. पहिल्या महिन्यात दारात बसून जेवायची, मी वाढायची. मंग चुलीपाशी आली. मंग माझ्या जात्याला हात लावला. नवऱ्याचं नाव नाय काढलं, गावाचं नाय काढलं, रडली बी नाय येक दिस. शेपटी दारात टाकूनच आली, समजलं ना तुमाला?

आन् ती आली त्याच सालात माझे पाय उठले. तळ्याखालच्या खाचरात आवनीला उतरले, भाताची रोपं लावून घरी आले तं पायांना मुंग्या. सकाळी बघते तं घोट्यापासून पोटरीपातूर लाल पुरळ, वर पानी धरलेलं. खाज कसली, आगच ती. पाय सुकतायत तवर बेननीचं गवत काढायला परत खाचरात उतरायचं, परत तेच. आन् ही माझ्या बाजूला, त्याच पान्यात, त्याच चिखलात, दिसभर वाकलेली — हिला कायसुदिक नाय! आता तुमी सांगता खाचर नवं, त्यात तळ्याचं पानी, पान्यात गोगलगाई, म्हनून खाज. खरं असंल. पन मला तवा काय ठावं? मला येवढंच दिसत व्हतं की ती आली आन् माझे पाय गेले.

मी गावाला बोलायच्या आधी गावच मला बोललं. शेजारची रखमी, पाय बघून म्हनते, हौसे, तुला आसरांनी धरलंय. ह्या तळ्यात साती आसरा हायत, दादा. तो दगड दिसतो का शेंदराचा? तिथं. जिच्या मनात वाईट असतं तिला त्या पान्यात धरतात, असं हितं मानतात. म्हंजे काय झालं? दोघी सवती येका पान्यात उभ्या, येकीला धरली, येकीला सोडली. मंग वाईट कोनाच्या मनात? सांगायलाच नको कुनी! मी हिरव्या बांगड्या वायल्या, खन वायला, नारळ फोडला. येकदा आंघोळ करून दुपारभर पान्यात उभी रायले हात जोडून, की बायांनो सोडा मला. — हसू नका. हसलात, मी बघितलं. आज मला बी हसू येतं. त्या दुपारी किती शिरले असतील! घरी गेले तं मांडीपातूर उठलेली.

पन ह्या औंदाच्या आवनीला काय झालं ते ऐका. आमच्यात पहिली मूठ घरची थोरली लावते. खाचराला हळद-कुंकू वायचं, घरधन्यानं रोपांची जुडी हातात द्यायची, थोरलीनं पूर्वेकडं तोंड करून पहिली मूठ रोवायची, मंग बाकीच्या उतरतात. वीस वर्सं माझा हात. दोन्ही पोरींच्या वक्ताला पोट घेऊन मी लावलीय. औंदा मी पदर खोचून बांधावर उभी, हात पुढं केलेला, आन् तो माझ्या पायांकडं बघून म्हनाला, आसरांनी धरलेला हात नको भाताला. आन् जुडी तिला दिली. सगळ्या बाया बघत व्हत्या. माझा हात तसाच पुढं. ती आधी घेईना, मान हलवत व्हती, तं तो म्हनाला, घे, उशीर व्हतो. घेतली तिनं. तिला लावता बी येत नव्हती नीट, वाकडी लावली! ते वाकडं रोप अजून हाय तिथं. रोज जाताना बघते मी, मरतंय का. मरत नाय.

तेलाचं सांगायचं रायलं. ती गाठोड्यातून येक मातीचं बुडकुलं घेऊन आली व्हती, करंजेलाचं, करंजाच्या बियांच्या तेलाचं. तिच्या गावाकडं बाया पान्यात उतरायच्या आधी पायांना चोळतात म्हने. माझे पाय पहिल्यांदा उठले तवा माझ्यासमोर ठेवलं तिनं, म्हनाली, बाय, तू पन लाव. — मला बाय म्हनते ती, थोरल्या बहिनीला म्हनतात तसं. मी म्हनलं, हिच्या हातचं तेल? मेलेल्या नवऱ्याच्या घरातलं? करनी असंल त्यात. वास तरी कसा, कडू, डोक्यात जानारा. मी तिच्यादेखत वाटीभर तेल राखेच्या ढिगात ओतलं. तिनं वाटी उचलून घासली. पुन्हा कदी दिलं बी नाय. कोनाड्यात ठेवायची आन् सकाळी पडवीत बसून पायांना लावायची, पाय पसरून, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश. आन् आमचा मानूस तिथंच बैलांना सोडायच्या निमतानं घुटमळायचा. लढाईनं रॉकेल मिळत नाय, घरोघर दिव्यात करंजेल जळतं, चमचा चमचा जपून वापरतात लोक, आन् हिच्यासाठी तो धसईच्या बाजारातनं ते भरून आनायचा. मला वाटायचं लाडानं आनतो. लाडानंच आनत व्हता.

मंग त्या दिशी तुमी ताटली उन्हातनं उचलली आन् सहज बोललात, पायांना तेल चोपडून उतरलं तं ह्यांना कातडी गावत नाय. येवढंच बोललात. तुमी बाटलीवर चिठ्ठी डकवत व्हतात, तुमाला काय ठावं, माझ्या पायाखालचा दगड सरकला. तेल! आसरा नाय, करनी नाय, माझं मन वाईट म्हनून नाय — नुसतं तेल! मी धावत जाऊन गावाला सांगायला पायजे व्हतं. मानसाला सांगायला पायजे व्हतं, की बघ, मूठ माझी व्हती. निघाले बी व्हते. अर्ध्या वाटेत थांबले.

का थांबले? — खरं सांगू? ऱ्हाऊ द्या. — बरं, सांगते, तुमी परवा जानार, तुमाला सांगितलं काय न् तळ्याला सांगितलं काय. मी म्हनलं, सांगितलं तं काय व्हईल? दोघींचे पाय सारखे व्हतील, बास. मंग तिचे नितळ ते नितळच! मला सारखं नको व्हतं, दादा. मला व्हतं की येकदा तिचे पाय उठावेत, येकदा गावानं तिला म्हनावं आसरांनी धरली, आन् येकदा त्यानं तिच्या हातातली जुडी काढून घ्यावी. दुसऱ्या दिशी ती पान्याला गेली तवा मी बुडकुलं काढलं, सगळं तेल माझ्या गडूत ओतून घेतलं, बुडकुलं फोडलं, खापऱ्या तिथंच टाकल्या. ती आली तं म्हनलं, घुशीनं पाडलं वाटतं. ती खापऱ्यांकडं बघत रायली. जमीन कोरडी व्हती ना. तेल सांडलं तं जमीन ओली नको? ते माझ्या आत्ता ध्यानात येतंय बोलता बोलता.

मंग मी गोठ्यामागं जाऊन तेल चोळलं आन् तिच्यासंगं बेननीला गेले. तिला म्हनलं, चंदे, तू त्या तोंडाशी बस, जिथं तळ्याचं पानी खाचरात पडतं, तिथं गवत लई हाय. गवत सगळीकडं सारखंच व्हतं. दुपारच्या उन्हात बसवली मी तिला तिथं, तीन दिस. आन् मी आपली वरच्या बांधाला, तेल चोपडलेली, मान वर करून बघतेय, खाजवते का, खाजवते का. तिसऱ्या दिशी खाजवलं. मला इतकं बरं वाटलं, दादा, की मी बांधावर बसून भाकर खाल्ली, कांदा फोडून.

घरी आलो. तिचे पाय सुजलेले, पुरळ तं माझ्याहून दुप्पट, नवी कातडी ना. मी वाट बघतेय, आता म्हनंल, आता म्हनंल, आसरांनी धरली. तो आला, बघितलं, बसला खाली. पडवीत, रखमी समोर, येनारीजानारी मानसं बघतायत, आन् हा तपेल्यात पानी घेऊन तिचे पाय धुतोय! हातानं! लिंबाचा पाला उकळून आन म्हनाला — कोनाला म्हनाला? मला. मी उकळला. मी आनून दिला. रखमी म्हनाली आसरा, तं तिच्यावर ओरडला, कसल्या आसरा, पान्यात काय तरी हाय म्हनून. आता पान्यात काय तरी हाय! माझ्या पायांना आसरा आन् तिच्या पायांना पान्यात काय तरी! वीस वर्सांत माझ्या पायाला त्यानं कदी हात लावला असंल तं येकदा, काटा काढायला, तवा पन कोयत्याचं टोक वापरलं. मी गोठ्यात जाऊन रडले. मोऱ्या बाजूला घोरत व्हता.

म्हनून इचारते, काल काय मागितलं त्यानं? — काय काढताय पिशवीतनं? डबी? मलम हाय हे? तिच्यासाठी ना? वाटलंच. टोपी काढून मलम मागितलं तिच्यासाठी. द्या, मी देते नेऊन, सवतीचं मलम न्यायला बी मीच हाय. — आन् ही दुसरी? दोन पायांना दोन डब्या? — नाय? मंग कोनाला?

मला?

थांबा. थांबा जरा. माझ्यासाठी मागितली त्यानं? काय शब्द बोलला ते सांगा, जसा बोलला तसा. 'थोरलीला पन येक द्या' — असा बोलला? थोरलीला. बघा, म्हंजे ध्यान हाय त्याचं, बोलत नाय तोंडानं, पन ध्यान हाय, मी उगाच… पुढं? पुढं काय बोलला? अर्धं नका सांगू, दादा. बोला ना.

'धाकटी म्हनते, थोरलीचे पाय उठून दोन वर्सं झाली, तिला आधी द्या.'

धाकटी म्हनते. हं.

आन् तेलाचं बी बोलला? काय बोलला? — चंदीच्या हातून पडलं? तिनं असं सांगितलं त्याला? तिच्या हातून? मी तं घूस म्हनले व्हते. घूस म्हनली असती तं तो खापऱ्या बघायला गेला असता. जमीन बघितली असती. म्हनून… — काय बघताय माझ्या पायांकडं? हो, बरे झालेत. पुरळ नाय. वास येतो ना तुमाला? बोला की, येतो ना? मघापासून येत असंल. करंजेलाचा वास राखेनं जात नाय, मातीनं जात नाय. दोन खनांचं घर आमचं. सात दिस मी त्या वासानिशी चुलीपाशी बसले, भाकऱ्या थापल्या, तिला वाढल्या. तिला समजलं नसंल? पहिल्या दिशीच समजलं असंल. परवा म्हनाली, बाय, तुझे पाय सुकले गो, बरं झालं. मी म्हनलं टोमना मारते. रातभर जळले मी त्या टोमन्यानं. टोमना नव्हता, दादा.

हे चांगलं झालं नाय. तिनं माझ्या झिंज्या धरायला पायजे व्हत्या, पडवीत उभं ऱ्हाऊन माझं नाव घेऊन बोंब मारायला पायजे व्हती. मी भांडले असते, मी जिंकले असते. तुमाला ठावं नाय, गावात माझं येकच नाव व्हतं, थोरली सोशीक. पाट लावून आनली तरी तोंडातनं अक्षर नाय काढलं, असं म्हनायचे लोक. चूल गेली, जातं गेलं, पहिली मूठ गेली, तेवढं उरलं व्हतं माझं. ते बी नेलं तिनं. पाय पन तिचे नितळ आन् मन पन तिचंच नितळ? सगळं तिचंच कसं? तुमी म्हनालात ना, बैलाचा किडा चुकून मानसात शिरला तं त्याला पुढं वाट गावत नाय, कातडीतच मरतो, आन् त्याच्या मरन्यानंच येवढी खाज उठते. तवा मी मनात म्हनलं व्हतं, चंदीचं असंच व्हावं. आता मला समजंना, चुकून शिरलंय कोन आन् मरतंय कोन.

तो रिठ्याच्या पान्याचा तांब्या सरकवा इकडं. धुन्यासाठी आनला व्हता, ऱ्हाऊ दे धुनं. घासते जरा पाय. — नाय, नाय जायचा वास, ठावं हाय मला. पन तेल तं जाईल. हे बघा, निघालं, पानी कसं चिकटतंय आता कातडीला. डब्या तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. दोन्ही तिलाच द्या, सांगा तिला, थोरलीला नको. उपकार नको म्हनावं. आज ना उद्या तिचे पाय बरे व्हतील आन् माझे उठतील. मंग बघू, पडवीत तपेलं घेऊन कोनासमोर बसतो ते. नाय बसला तं नाय बसला. तेवढं तरी समजंल.

— सोडा, दादा, हात सोडा. बाईमानसाचा हात धरतात का असा? बाया येतील पान्याला आत्ता. मी काय मरायला नाय उतरत, पोटरीपातूर पानी हाय हितं. खाली चिखल गार लागतोय, वर कोमट. गप बसा. हाका मारू नका. सावली पडली की ते उठतात, तुमीच सांगितलंत. माझी पडलीय. आता तुमी जा.